आधी गाड्या, मग नारळ

आमच्या खान्देशात एखाद्याचा मान करायचा ठरला, की पहिल्यांदा त्याला खुर्चीवर बसवतात. मग तो गवई असो, पहिलवान असो, नाहीतर मोटरसायकलच्या शर्यतीतला असो. गवयाला गाऊ देत नाहीत, पहिलवानाला मातीत उतरू देत नाहीत. शाल, नारळ, फेटा, आणि वर चार जणांची भाषणं. या प्रकाराची मला पहिल्यापासून चीड आहे. पण यंदाच्या जानेवारीत धुळ्याबाहेरच्या बायपासवर जे झालं, तेव्हापासून कुणाच्या हातात घडी घातलेली शाल दिसली तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माझा थोरला भाऊ तरुणपणी डांबरावरच्या शर्यती खेळायचा. हे 'डांबरावरच्या' मला दर वेळी वेगळं सांगावं लागतं. कारण मोटरसायकलची शर्यत म्हटली की आमच्या लोकांना मैदानातला चिखल आणि त्यात मारलेल्या उड्या आठवतात. भाऊचं काम वेगळं होतं. सपाट रस्ता, वळणं, आणि वळणावर गाडी इतकी आडवी करायची की गुडघा जमिनीला लागावा. आमचे आबा एसटीचे ड्रायव्हर, उभ्या आयुष्यात कुणाला ओव्हरटेक करायची घाई न केलेला माणूस. डेपोत फेकून दिलेल्या सीटचं रेक्झिन ते घरी आणायचे आणि मी ते भाऊच्या पँटच्या गुडघ्यांवर शिवायचे. शर्यतीहून आला की रेक्झिन झिजून गेलेलं असे. मग नवा तुकडा. आई म्हणायची, लेकीनं रुमालावर फुलं काढावीत, तर ही गुडघे शिवते.

धुळे-जळगावचे असे पाच-सहा जण होते. त्यातला एक अमळनेरच्या मारवाडी तेल-घाण्यावाल्यांचा मुलगा. आज त्याला सगळे शेठ म्हणतात. तो घरी सांगायचा, सरकी बघायला दक्षिणेत चाललो, आणि जायचा मद्रासकडच्या विमानांच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीला. एकदा खांद्याचं हाड मोडून आला, तेव्हा त्याच्या वडिलांनी शांतपणे विचारलं होतं, "सरकीचं पोतं पडलं वाटतं?" पण त्यांच्याच घाण्यावरचं एरंडेल ही सगळी मंडळी इंजिनाला वंगण म्हणून पेट्रोलमध्ये मिसळायची. दुसरे जळगावचे डॉक्टर. शर्यतीत पडलेल्याला स्वतःच पट्टी बांधायचे आणि पुढच्या फेरीत त्यालाच मागे टाकायचे. पिंपळनेरचा एक होता, घाटात वळणं शिकलेला, सगळ्यांत वेगवान. त्याचा जीव शर्यतीत नाही गेला. मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टरवर आदळून गेला, किराणा घेऊन घरी येताना.

गाडी न्यायची तीही रेल्वेच्या मालडब्यात, टाकी रिकामी करून, गोणपाटात गुंडाळून. परत आल्यावर हार नाही, तुरा नाही. एकदा भाऊ दक्षिणेतल्या सगळ्या नावाजलेल्यांना मागे टाकून आला, तर इथल्या पेपरात ते सायकल स्पर्धा म्हणून छापून आलं. भाऊ हसला. मी मात्र पेपरवाल्याकडे जाऊन भांडून आले. उपयोग काय, पालथ्या घड्यावर पाणी.

हे सगळं सांगायचं कारण असं, की भाऊचे डोळे चालले आहेत. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी होतो, तो आजार. कडेकडेचं दिसतं, नेमकं समोरचं दिसत नाही. माणूस समोर येऊन उभा राहिला तर त्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. वहिनीनं किल्ली कुठे ठेवली ते मलाही माहीत नाही. भाऊनं हे बाहेर कुणालाही सांगितलेलं नाही, आणि आम्हा दोघींकडून तसं वचन घेतलं आहे. कुणी विचारलं तर म्हणतो, "माले बठ्ठं दिखस," सगळं दिसतं. मग माझ्याकडे वळून हळूच, "मधलंच तेवढं दिखत नही."

त्यात गेल्या दिवाळीनंतर शेठनं टूम काढली, की जुन्या शर्यतवाल्यांचा मेळावा घ्यायचा. ज्यानं त्यानं आपापली जुनी गाडी आणायची. पोलीस सकाळी नऊपर्यंत बायपासची एक बाजू बंद ठेवणार, आणि प्रत्येकानं एकेकट्यानं पलीकडच्या पुलापर्यंत जाऊन यायचं. हे ऐकलं आणि भाऊ ताडकन उठून बसला. बंद रस्ता. समोरून कुणी नाही, मागून कुणी नाही. डांबराच्या दोन्ही कडांना नव्या पांढऱ्या पट्ट्या. "पट्टा दिखतस माले," तो म्हणाला, "समोर कोनी नही पायजे, बस." असा रस्ता त्याला पुन्हा मिळणार नव्हता, आणि मिळाला तरी तोवर त्या पट्ट्या तरी दिसतील याची खात्री नव्हती. वहिनीनं आठवडाभर किल्लीचा विषय काढू दिला नाही. मग एक दिवस पोळी वाढताना म्हणाली, एकदाच.

त्यानंतर दोन महिने भाऊ मागच्या पडवीत बसून ती जुनी टू-स्ट्रोक गाडी उभी करत होता. कार्बोरेटर बोटांनी चाचपून खोलला, बोटांनीच लावला. मी स्क्रू हातात देत होते. इतक्या वर्षांत त्याला एवढा खूश मी पाहिला नव्हता.

मेळाव्याच्या बैठकीला मी भाऊतर्फे गेले, आणि तिथेच माशी शिंकली. ठरलं होतं, आधी फेऱ्या, मग सत्कार. पण आता प्रमुख पाहुणे मिळाले होते. राजकारणातले गृहस्थ, त्यांना त्या दिवशी पुढे दोंडाईच्याला एका लग्नाला जायचं होतं. म्हणून सत्कार आधी. मी म्हटलं, "आधी गाड्या, मग नारळ. नारळ काय नासतोय?"

शेठ हात जोडून म्हणाले, "अक्का, पाहुणे यायच्या आधी गाडी सुटली तर बरं दिसत नाही. नारळ फोडल्याशिवाय कुठलं शुभकार्य सुरू होतं का? अर्ध्या तासाचा तर प्रश्न."

सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टरांनीसुद्धा. खरं कारण मला सांगता येत नव्हतं, आणि बिनकारण भांडणाऱ्या बाईचं कोण ऐकतं?

त्या दिवशी आम्ही पहाटेच पोचलो. गाडी टेम्पोतून आणली. शर्यतीची गाडी रस्त्यावर चालवत आणायची नसते, असं भाऊ सगळ्यांना ऐटीत सांगत होता आणि सगळे मान हलवत होते. तो आला माझ्या स्कूटरवर, मागे बसून. पोलिसांनी लोखंडी अडथळे लावले होते. आमच्या बाजूचा अख्खा रस्ता रिकामा, कुत्रंसुद्धा नाही. थंडीत डांबर काळंभोर दिसत होतं. भाऊ रस्त्याच्या मध्यावर जाऊन उभा राहिला, मान जरा तिरकी करून. तिरकी केली की त्याला बरं दिसतं. "दिखतस," तो म्हणाला. त्यानं गाडीला किक मारली. एरंडेलाचा तो जळका वास सुटला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नुसतं धुरानं नव्हे. त्या क्षणी तो निघाला असता तर कुणी अडवलं नसतं. मी म्हटलंही, "जाय ना भाऊ, आत्तेच जाय." पण तो शेठचा शब्द मोडणारा नाही. त्यानं गाडी बंद केली आणि आम्ही मांडवात जाऊन बसलो.

पाहुणे आले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. मग दिवा लावला. तो वाऱ्यानं विझला. पुन्हा लावला. मग प्रत्येक गाडीच्या हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक. मग फेटे. फेटे बांधणारा एकच, आणि पाहुणे-यजमान धरून डोकी दहा. नमनालाच घडाभर तेल, आणि हे तर तेलाच्याच घाण्यावाल्यांचं नमन! मी पुढच्या रांगेत बसून दात खात होते. मागे रस्ता रिकामा पडला होता. एवढा मोठा, एवढा चांगला रस्ता, आणि त्याच्याकडे पाठ करून आम्ही दीडशे माणसं बसलो होतो.

पाहुणे बोलायला उभे राहिले. भाऊला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, तो माझ्याकडे झुकून म्हणाला, "कोन शे वं हाऊ? काय बोली राहिना?" पाहुणे बोलत होते जत्रेबद्दल. लहानपणी जत्रेत त्यांनी मौत का कुआ पाहिला होता. लाकडी विहिरीच्या भिंतीवर गाडी गरगरा फिरवणारे ते वीर आज आपल्यासमोर बसले आहेत, हे आपलं भाग्य, असं म्हणून त्यांनी नेमकं भाऊकडे बोट केलं. टाळ्या पडल्या. शेठनं टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी वाजवल्या. अरे, तुम्ही तरी! एकानंही उठून सांगितलं नाही की साहेब, तो खेळ वेगळा. पाहुण्याला चूक दाखवायची नाही, ही आमची रीत.

अडथळ्याजवळच्या हवालदारानं मला खूण केली. मी उठून गेले. बिचारा नम्रपणे म्हणाला, "अक्का, मागे सोनगीरपर्यंत लाईन लागलीय. साहेब वायरलेसवर ओरडताहेत. नऊ वाजून गेले."

"एकच गाडी जाऊ द्या," मी म्हटलं. "एकच. माझा भाऊ."

"माझ्या हातात नाही हो."

मी मांडवात पळत आले. तेव्हा भाऊच्या खांद्यावर शाल पडत होती. चामड्याच्या जाकिटावर शाल, डोक्यावर फेटा, हातात नारळ, आणि फोटोसाठी सगळ्यांनी त्याला धरून ठेवलेलं. त्याच्या पाठीमागे अडथळे बाजूला सरकले आणि केळीचा पहिला ट्रक आत आला. मग कापसाचा. मग सगळेच. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. बाकी मांडवात कुणाला काही कळलंच नाही, कारण चहा आला होता.

पाहुणे लग्नाला गेले. मग या म्हाताऱ्यांना जाग आली. रस्ता चालू झाला तर झाला, आपण काय ट्रकला भितो काय, असं म्हणून डॉक्टरांनी फेट्यासकट गाडी काढली आणि ट्रकांच्या मधून सापासारखी घालत पुलापर्यंत जाऊन आले. शिट्ट्या पडल्या. शेठ जाऊन आले. एकेक करून सगळे जाऊन आले. मग सगळ्यांनी भाऊकडे पाहिलं.

"भाऊ, आता तुम्हीच राहिले!" शेठ म्हणाले. "चला, हार काढतो गाडीचा."

भाऊ गाडीजवळ उभा होता. एक हात टाकीवर. समोर ट्रक, टेम्पो, रिक्षा, सगळं वाहत होतं. त्यातलं त्याला काय दिसत असेल, ते मला माहीत होतं.

"आते नही," तो म्हणाला. "वय व्हई गयं."

कुणीतरी मागून म्हणालं, "भाऊ घाबरले वाटतं." हशा झाला. वाईट हेतूनं नव्हे. जुने मित्र जसे हसतात तसा. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसाच्या गुडघ्यांवर मी रेक्झिन शिवलं, त्याला घाबरला म्हणता? मी तोंड उघडलं. "मी सांगी देस त्यासले," मी म्हटलं. भाऊनं माझं मनगट घट्ट धरलं.

"नको," तो म्हणाला. मग सगळ्यांकडे वळून हसला. "हा रे. घाबरी गयू मी."

यावर आणखी मोठा हशा झाला. शेठनं त्याच्या पाठीवर थाप मारली. मला शेठचा राग आला, डॉक्टरांचा आला, त्या लग्नाला गेलेल्या पाहुण्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त भाऊचा आला. एवढा कसला समंजसपणा? पहाटे मी जाय म्हटलं तेव्हा गेला असता तर!

गाडी टेम्पोत चढवली. हार काढायचं कुणाला सुचलं नाही. नारळ मी डिकीत टाकला, शाल सीटखाली कोंबली. भाऊ मागे बसला आणि आम्ही त्याच बायपासनं घराकडे निघालो. मी नेहमीसारखी कडेकडेनं चालले होते. ट्रक अंगावरून जात होते. रडू येत होतं आणि हेल्मेटमुळे डोळे पुसता येत नव्हते. मागून भाऊनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जोरमा चाल," तो म्हणाला.

मी वेग वाढवला. पुढचा केळीचा ट्रक ओलांडला. तो पुढे वाकला, वळण आलं तसा माझ्यासकट आत झुकला. त्याच्या अंगाचा भार कुठे जातोय ते मला पाठीवर कळत होतं.

"आखो."

मी आणखी मूठ पिरगळली. पट्ट्या दोन्ही बाजूंनी मागे पळायला लागल्या. आयुष्यात मी इतक्या जोरात कधी चालवली नव्हती आणि मला भीती वाटत होती.

"आखो," भाऊ माझ्या कानाशी ओरडला. "आखो ना, बहिन!"

मूठ शेवटपर्यंत पिरगळलेलीच होती. माझी स्कूटर यापेक्षा जोरात जातच नाही.