बांधावर थांबलेलं विमान

काल शेळगावच्या आमच्या उसावर ड्रोननं तणनाशक मारलं. तो उग्र वास नाकात गेला आणि तात्यांचं विमान आठवलं.

तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वालचंदनगरची नोकरी सोडून फवारणीचं छोटं विमान बनवलं होतं. त्या सकाळी ते पहिल्यांदा गावासमोर आलं, इतकं खाली की उसाची पाती आडवी झाली. आई तोंडाला पदर लावून उभी होती. पायलटनं बांधावर बरोबर फवारा बंद केला. आम्ही टाळ्या वाजवणार, तोच वारा फिरला. तणनाशकाचं पांढरं धुकं बांध ओलांडून शेजारच्या किसनरावांच्या द्राक्षांवर सावकाश उतरू लागलं.

“तात्या, माझी बाग!” किसनराव ओरडले. तात्या हात पसरून धुक्यामागं धावले.

बाग गेली. विमानाला पुन्हा कुणी बोलावलं नाही. तेव्हा मी वाऱ्याला दोष दिला. आता कळतं, आमच्या चिंचोळ्या रानांवर ते कधीच चाललं नसतं.

काल ड्रोन बांधाशी आला, जागीच थांबला आणि मागं वळला. पलीकडं किसनराव उभे होते. बाग गेल्यापासून त्यांच्यात आणि तात्यांत बोलणं नव्हतं. तात्या काठी टेकत उठले.

“किसनराव,” त्यांनी हाक मारली, “बघितलं न्हवं? थांबलं!”