न धुतलेली टाकी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, संपादकांना नाही, ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

सत्तरच्या दशकाचा मध्य. कोल्हापुरातल्या एका छोट्या दैनिकात मी उपसंपादक होतो. ते दैनिक आता बंद पडलं आहे. लष्कराच्या लिलावातून आलेली एक जुनी जीप आमच्याकडे होती. पहाटे अंकांचे गठ्ठे घेऊन ती मलकापूरला जायची आणि तिथून आतल्या गावांना. आतले रस्ते म्हणजे नुसते दगड. चढायच्या जागेखालची पत्र्याची कड दोन्ही बाजूंनी घासून फाटली होती. एकदा दगड थेट पेट्रोलच्या टाकीला लागला – जीपची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. तेव्हा ठरलं, दोन्ही कडांखाली जाड लोखंडी पाइप बसवून घ्यायचे. दगड आला तर जीप पाइपवरून घसरत पुढे जाईल, पत्रा आणि टाकी वाचेल. काम करून घ्यायची जबाबदारी माझ्यावर आली.

मंगळवार पेठेतल्या रंगराव मिस्त्रींना मी आधीपासून ओळखत होतो. घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये वेल्डिंगचं मशिन, मदतीला कुणी नाही. आमच्या छापखान्यातली मोडतोड तेच जोडून द्यायचे. पाइप बॉडीलाच डकवून टाका, लवकर होईल, असं मी म्हणालो तेव्हा ते हसले. "बॉडीला लावला की शोभंचा झाला, पत्रकार. जीप उचलून आपटली तरी हलायला नको असंल तर चासीलाच पायजे." चासी म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा. त्यांनी प्रत्येक बाजूला तीन आधार काढले, पाइपची टोकं आत वळवली, तोंडं बंद केली. पहिल्या दिवशी एक बाजू पुरी झाली. जॅक लावून त्यांनी जीपचं सगळं वजन त्या पाइपवर घेतलं. पाइप केसभरही वाकला नाही.

– पाइपबद्दल मी आणखी बरंच लिहू शकतो. त्यात माझा काही दोष नाही.

दुसरी बाजू टाकीची होती. मधला आधार टाकीला खेटून येत होता. तिच्यात आणि लोखंडात बोटभर अंतर सुटायला हवं, नाहीतर धक्क्यांनी घासून टाकी फुटणार. आणि टाकी जागेवर असल्याशिवाय ते अंतर मिळत नव्हतं. म्हणजे वेल्डिंग टाकीला खेटूनच होणार, म्हणून मिस्त्रींनी ती आधी खोलली. ती सोड्याच्या गरम पाण्याने तीनदा धुवायची, वाळवायची, परत बसवायची, मगच वेल्डिंग. त्यांच्या नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं. मीच म्हणालो, आमच्या छापखान्यात छपाईचे खिळे धुवायला सोड्याचं पाणी असतंच, मी धुऊन आणतो. त्यांनी टाकी माझ्या हातात दिली आणि बजावलं, "नुसती वतून आणू नका. भरल्याली परवडली, रिकामी वंगाळ."

मी पेट्रोल डब्यात ओतून घेतलं. टाकी खिळ्यांच्या टेबलाखाली ठेवली. छापखान्यातली भट्टी विझली होती; पाणी तापवायचं तर मलाच तापवावं लागणार होतं. मी पांढरा शर्ट घातला होता. पहिलं पान लावायचं बाकी होतं. ही कारणं आहेत का? नाहीत. खरं कारण एवढंच की मिस्त्रींचं ते वाक्य मला अडाणीपणाचं वाटलं. मी पदवीधर होतो. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी धोक्याची कशी असेल? रिकाम्या टाकीत जळणार काय?

पुढे कळलं – वाफ जळते.

सकाळी टाकी घेऊन शेडवर गेलो. मिस्त्री शिंकत होते, नाक लाल झालेलं. "धुतली न्हवं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

गोष्ट इथे संपत असती तर मी ती कदाचित पूर्वीच सांगितली असती. आळस, घाई, अज्ञान – माणूस एवढं कबूल करू शकतो. पण मिस्त्रींचा एक नियम होता. कोण काहीही सांगो, टाकीच्या तोंडाला स्वतःचं नाक लावल्याशिवाय ते मशिन चालू करत नसत. त्या दिवशी त्यांनी टाकीवर वाकून श्वास घेतला आणि मान हलवली. "नाक गच्च हाय. काय कळंना. तुम्ही बघा की, पत्रकार. बातमीचा वास येतोय तुम्हाला, प्येट्रोलचा न्हाय येणार व्हय?"

मी वाकलो. वास घेतला.

वास येत होता. उग्र नव्हता, पण होता. मी किती वेळ वाकून राहिलो असेन? तेवढ्या वेळात मला सगळं दिसत होतं – वास आहे म्हणालो तर धुतली नाही हे कबूल करावं लागेल. मिनिटापूर्वी खोटं बोललो हेही. मिस्त्री हसले असते, शिवी दिली असती आणि काम एक दिवस पुढे गेलं असतं. याहून जास्त काही झालं नसतं.

मी म्हणालो, "काही नाही."

त्यांनी टाकी बसवली आणि चेहऱ्यासमोर काच धरून ते कडेला आडवे झाले. मी शेडच्या दाराबाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो. का गेलो? थंडी होती, ऊन हवं होतं, असं मी स्वतःला सांगत आलो. त्या दिवशी थंडी होती का, हे मला आठवत नाही.

स्फोट एकच झाला. टाकीची शिवण उसवली आणि ज्वाळा त्या फटीतून त्यांच्या बाजूने बाहेर आली. मिस्त्रींचा डावा डोळा गेला. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली, ती पुन्हा सुटी झाली नाहीत.

दुसऱ्या दिवशी बातमी मी लिहिली. दुसरं कोण लिहिणार होतं? मी तिथे हजर होतो. आठ ओळी. शेवटची ओळ अशी : 'पेट्रोलची टाकी न तपासता वेल्डिंग केल्याने हा अपघात झाल्याचे समजते.' संपादकांनी तिच्यात एक शब्दही बदलला नाही. चांगली, नेटकी बातमी होती.

दवाखान्यात गेलो तेव्हा त्यांनी मलाच धीर दिला. "तुमचा काय दोष त्यात? तुम्ही धुतली. कोपऱ्यात ऱ्हायलं असंल. नाक न्हवतं तर मी कामच हातात घ्यायचं न्हवतं." मी त्यांच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत बसलो. बोलायची वेळ ती होती. बाहेर पडेपर्यंत निघून गेली.

हात आणि एक डोळा गेला तरी त्यांची नजर तयार होती. शेजारी बसून ते दुसऱ्याकडून काम करवून घेऊ शकले असते. त्यांनी तसा प्रयत्न केलाही. पण टाकी न तपासणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण सोडणार? ती आठ ओळींची बातमी सगळ्या गॅरेजवाल्यांनी वाचली होती. वर्षभरात शेड दुसऱ्याला भाड्याने गेली. ते दारात बसून राहत आणि ओळखीचा कुणी वेल्डर दिसला की त्याला थांबवून सांगत, सर्दी असली तर टाकीच्या कामाला हात लावू नको. लोक ऐकून घेत. माझ्या खोट्यातून त्यांनी हा धडा काढला होता आणि मरेपर्यंत तो ते शिकवत राहिले.

ते गेले त्यानंतर वहिनींनी – त्यांच्या बायकोने – मला एकदाच विचारलं. "भावजी, तुम्ही हुता की तितं. टाकी बघितल्याबिगर ते कदी मशिन लावत न्हवते. मग त्या दिवशी कसं झालं वो?" आता मिस्त्री नव्हते. नोकरी जाण्याची भीती नव्हती. तोवर दैनिक बंद पडलं होतं. मला कशाचीच भीती उरली नव्हती. मी म्हणालो, "सर्दी होती, वहिनी. आणि जरा घाईही झाली त्यांची."

वहिनी म्हणाल्या, "असंल."

मिस्त्रींनी आयुष्यात कशाची घाई केली नव्हती. हे वहिनींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी त्यांनी ते मान्य केलं, कारण ते मी सांगितलं होतं.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. चार वर्षांची नात स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिच्या हातातलं दूध जमिनीवर सांडलं. वहिनींनी फडकं घेतलं आणि पुसता पुसता म्हणाल्या, "आज्ज्यावर गेलीया. त्येंचं बी असंच. घाईनंच घात केला त्येंचा." मग खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली.