पूर्वेच्या पायऱ्यांवरचं ऊन

ऊन फक्त बायकांना लागतं, असा माझ्या नवऱ्याचा समज होता. मी सनकोट, हातमोजे घालून, तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटर काढली, की तो दारातून ओरडायचा, "डाकू निघाला बघा दरोड्याला!" स्वतः मात्र पेठापेठांच्या फुटबॉलच्या हंगामात उघड्या टकलाने मैदानावर. आमची मंगळवार पेठ पूर्वेच्या पायऱ्यांवर बसते. दुपारचं ऊन तिथे थेट डोक्यावर येतं. समोर सावली असते, पण तिकडे विरोधी पेठ बसते. सावलीसाठी तिकडे गेलेल्या माणसाला गल्लीत पुन्हा तोंड दाखवता येत नाही.

यंदा त्या टकलावर खरबरीत, लालसर चट्टा उठला. खपली निघायची, पुन्हा धरायची. खोबरेल चोळून झालं. शेवटी मीच त्याला त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला आणि म्हणाले, "उन्हातली अतिनील किरणं दिसत नाहीत, त्यांची ऊबही जाणवत नाही. पण कातडीचं नुकसान साठत जातं. ढगातूनही येतात ती. टोपी घाला, सावलीत बसा."

जिना उतरताना नवऱ्याने विचारलं, "ह्यो डॉक्टर कुठल्या पेठंतला गं?"

"का?"

"सावलीत बसा म्हणतोय. सावली त्यांच्याकडंच हाय की!"

अहवाल येईपर्यंत कॅन्सर हा शब्द मी घरात काढला नाही. भाकऱ्या मात्र दोनदा करपवल्या.

मधेच सामना आला. मी रुंद काठाची टोपी आणली. त्याने ती मेलेल्या पालीसारखी दोन बोटांत धरली. टोपी मोरपंखी होती, आणि मोरपंखी रंग विरोधी संघाचा.

"ही घालून गेलो तर पेठ मला जित्ता गाडंल!"

"न घालता गेलात तर पेठेला जित्ता गाडायला तुम्ही उरणारच नाही."

"ढग हायत की आज," म्हणून तो तसाच गेला. मी छत्री घेऊन मागोमाग गेले आणि पायऱ्यांवर त्याच्या डोक्यावर धरली. मागून गलका उठला.

"वैनी, छत्री मिटा! गोल दिसंना!"

"दादा लोण्याचं हायत व्हय, वितळायला?"

मी वळून सांगितलं, "उन्हानं चट्टा उठलाय. कॅन्सर आहे का बघायला तुकडा दिलाय."

आमच्याच संघाचा गोल झाला तरी आमच्या ओळीत कुणी ओरडलं नाही. मग दोघांनी पेठेचा भला मोठा झेंडा आणून त्याच्या डोक्यावर ताणून धरला. मध्यंतरापर्यंत त्याखाली आणखी पाच टकलं येऊन बसली होती. त्यात लोण्याची चौकशी करणारंही एक होतं.

अहवालात कॅन्सर नव्हता, पण वाट तिकडेच जाणारी होती. मलम लावायचं आणि टोपी कायमची. मलमाची ट्यूब पाहून नवऱ्याचा चेहरा पुन्हा संशयी झाला. मी डॉक्टरांची चौकशी करूनच आले होते. माणूस सांगलीचा, फुटबॉल कधी बघितलेला नाही.

"मग हरकत न्हाय," नवरा म्हणाला आणि डोकं पुढे केलं.