वाढून राहिली

म्हातारा पलंगाजवळ फरशीवर पडला होता. बनियन घामानं चिंब, ओठ पांढरे, आणि मला सांगत होता, "वांग्याले पाणी लाव वं, वाफे सुकून राहिले." वांग्याची शेती सोडून आम्हाला सहा वर्षं झाली होती. डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं, घाम फुटला आणि माणूस बरळायला लागला की आधी साखर द्या. मी वाटीत साखरेचं पाणी केलं, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाटी तोंडाला लावली. त्यानं दात आवळले.

"गोड नाई. कागदावर मनाई हाये."

"मरता का कागदापायी? प्या!"

प्यायला. अर्धं माझ्या लुगड्यावर, अर्धं पोटात.

तो कागद बाहेरच्या खोलीतल्या फ्रिजच्या दारावर होता आणि त्यावर म्हाताऱ्याच्या जेवणापुढं लाल पेनानं बरोबरची खूण होती. प्रत्यक्षात त्याच्या पोटात सकाळपासून एक कप बिनसाखरेचा चहा आणि थोडे पोहे होते. वरून इन्सुलिनची सुई.

कागद सुनेचा. मुलगा पुण्यात शिकला, तिथंच नोकरीला लागला, बायको तिथलीच केली. मागल्या वर्षी त्याला नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात काम मिळालं. तो अमरावतीला आला आणि आम्हाला अकोल्याकडच्या गावाहून उचलून आणलं. सून घरातूनच पुण्याच्या कंपनीचं काम करते, कॉम्प्युटरवर. बाई वाईट नाही. मला पालेभाजीतली अळी जशी लांबून दिसते, तसा तिला वाया गेलेला वेळ दिसतो, एवढंच.

आम्ही आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात कागद लागला. एका बाजूला वेळ, मधे काम, शेवटी चौकोन. काम झालं की चौकोनात खूण करायची. माझ्या वाट्याला पाणी, औषध, गुडघ्यांचा व्यायाम आणि 'स्वतःसाठी वेळ' असं आलं. ते शेवटचं काय, असं मी विचारलं.

"काही नाही करायचं, आई. नुसतं बसायचं."

"मंग चौकोन कशाले?"

तिनं हसण्यावारी नेलं. तिच्या स्वतःच्या ओळीत साडेबारा ते अडीच 'फोकस' लिहिलं होतं. तेवढा वेळ वरच्या खोलीचं दार बंद, कानावर यंत्र, दार वाजवायचं नाही, घरात मोठ्यानं बोलायचं नाही.

मी चौथी शिकले आहे. घड्याळ वाचता येतं. पण चाळीस वर्षं भाजी पिकवली तेव्हा कामापुढं खूण करायची पाळी आली नाही. मेथी खुडली की जुड्या समोर दिसायच्या. नाही खुडली तर अकोल्याच्या बाजारात जायला टोपली रिकामी. विचारायला कोणी लागत नव्हतं.

आदल्या दिवशी सून म्हणाली होती, "गुडघ्यांचे चार चौकोन रिकामे आहेत, आई." आवाज गोड होता, पण मला लागलं. उद्या भरते, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सव्वाबाराला तिनं म्हाताऱ्याला सुई दिली. माझा हात कापतो, म्हणून सुई तिच्याकडं आणि ताट माझ्याकडं. सुईनंतर अर्ध्या तासात पोटात अन्न जायला हवं. शेवटची भाकर तव्यावर होती तेव्हा तिनं बाहेरच्या खोलीतून विचारलं, "आई, बाबांना वाढलं?"

"वाढून राहिली!" मी स्वयंपाकघरातून ओरडले.

ती वर गेली. मी भाकर उतरवली, ताट घ्यायला हात लांबवला, तेवढ्यात फाटकावर भाजीवाला ओरडला. त्याची मेथी पाहायला गेले. मेथी जून निघाली, तरी कोवळीच म्हणत होता. ज्यानं कधी वाफा केला नाही त्यानं मला मेथी शिकवावी! तिथं दहा-पंधरा मिनिटं गेली. परत येऊन पाहते तर फ्रिजवर जेवणापुढं लाल खूण. मला वाटलं, मी बाहेर होते तेव्हा सुनेनंच ताट नेऊन दिलं. टोपल्यातल्या भाकरी मोजायला हव्या होत्या. मोजल्या नाहीत. कागदावर लिहिलं होतं ना.

मग सव्वा वाजता फोनचा गजर वाजला, गुडघ्यांची वेळ. सतरंजी टाकली, वीस मिनिटं पाय वरखाली केले आणि उठून चौकोनात खूण केली. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. त्याचं उष्टं ताट आणायला गेले तेव्हा तो फरशीवर होता.

साखर पोटात गेल्यावर मी जिना चढले आणि लाटण्यानं दार बडवलं. बऱ्याच वेळानं ते उघडलं.

"आई, प्लीज, अजून चाळीस मिनिटं..."

"बुढा पडला खाली."

ती माझ्या आधी खाली पोचली. ऑटो तिनंच बोलावला. वाटेत त्याच्या तोंडात बिस्किटं भरत होती आणि रडत होती. दवाखान्यात पोचेपर्यंत म्हातारा शुद्धीवर येऊन डॉक्टरशी वाद घालत होता.

संध्याकाळी मुलगा आल्यावर उलगडा झाला.

"आई 'वाढून राहिले' म्हणाल्या, म्हणून मी खूण करून वर गेले. म्हणजे वाढून झालं, आता नुसत्या बसल्यात. असंच ना?"

"झालं असतं तर 'वाढलं' म्हटलं असतं. वाढून राहिली म्हंजे वाढून राहिली!"

मुलगा हसायला लागला आणि बापाकडं पाहून थांबला. घरात तो पुण्याचं बोलतो. 'करून राहिलो' म्हणजे 'करतोय', हे तिच्या कानावर कधी पडलंच नव्हतं.

"तुम्ही हाक का नाही मारली, बाबा?" तिनं विचारलं.

"अडीच वाजेलोक आवाज करायचा नाई ना," म्हातारा म्हणाला. "भूक तं लय लागली होती."

ती खाली मान घालून बसली. माझी मेथीची पंधरा मिनिटं तर कागदावर कुठंच नव्हती.

मी एकच गोष्ट सांगितली, जेवणाची ओळ काढून टाक. तिनं लगेच खोडली. आता सुई दिली की ती म्हाताऱ्यासमोर बसून राहते, त्यानं दुसरा घास गिळेपर्यंत. फोकस पावणेएकला लागतो. बाकीचा कागद आहे तसा आहे.

मागच्या आठवड्यात ती पुण्याच्या साहेबाशी फोनवर बोलताना ऐकू आली. "हो सर, पाठवून राहिले," म्हणाली. फोन ठेवला आणि निवांत चहा प्यायला बसली. अजून काही पाठवलं नव्हतं.

म्हातारा जगला. सुई घेतो, साडेबाराला जेवतो आणि मीठ कमी आहे म्हणतो.