माणिकचे हात

अकोल्याहून आलेले पोस्टकार्ड कोपरा फाडलेले होते. असे कार्ड हातात पडले की वाचायच्या आधीच कोणीतरी गेल्याचे माणूस समजतो. पोस्टमनने ते शाळेत माझ्या टेबलावर ठेवले, आणि मी तसाच वर्गावर जाऊन अर्धा तास मुलांना भूगोल शिकवला. मग वाचले. माणिक गेला होता. टॉकीजच्या मशीनखोलीत मशीनच्या कार्बन-दिव्याचा धूर वर्षानुवर्षे छातीत भरून घेणारा हा माणूस म्हातारा होणार नाही, हे मला ठाऊक होते. पण चाळिशीही गाठणार नाही असे वाटले नव्हते.

आम्ही अमरावतीच्या एकाच शाळेत शिकलो. मी मास्तर झालो, तो अकोल्याला सिनेमाची मशीन चालवू लागला. रोज दुसऱ्यांचे सिनेमे दाखवता दाखवता त्याला स्वतःचा एक काढायची ओढ लागली. विषय एकच, त्याची आई. तिवशाकडच्या काळ्या रानात दोन्ही हातांनी कापूस वेचणारी बाई. "पडद्यावर साऱ्यायच्या माया पाह्यल्या," तो म्हणे, "माही माय कोनी दाखवली नाही." कुठून तरी एक जुना कॅमेरा पैदा केला आणि दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत प्रत्येक सुटीला जाऊन त्याने आईला टिपले. म्हातारी कॅमेऱ्याकडे बघून पदर सावरायची आणि हा ओरडायचा, "माय, मले नको पाहू, कापसाकडं पाह्य."

फिल्म धुवायला मुंबईला न्यायची होती. पार्सलवर त्याचा भरवसा नव्हता. स्वतः निघणार तेवढ्यात आई अंथरुणाला खिळली. अकोल्याची त्याची खोली पत्र्याची, उन्हाळ्यात नुसती भट्टी. म्हणून फिल्मचे सहा डबे तो माझ्याकडे ठेवून गेला. "थंड जागी ठेवजो, मास्तर," एवढेच म्हणाला. आमच्या वऱ्हाडात घरातली थंड जागा एकच, रांजणाखालची ओली वाळू. लिंबे, विड्याची पाने आम्ही तिथेच पुरतो. मी डबे तिथे पुरले, आणि ऊन चढत गेले तसा रोज संध्याकाळी वाळूवर एक तांब्या पाणी जास्तच ओतत गेलो. काळजीने... वेड्यासारख्या काळजीने.

वैशाखात आई गेली. महिन्याभराने डबे उकरले तेव्हा झाकणांवरच्या चिकटपट्ट्या सुटलेल्या होत्या. तरी आशा धरून आम्ही दोघे मुंबईला गेलो. लॅबमधल्या माणसाने सगळेच्या सगळे परत दिले. पाणी आत शिरून फिती एकमेकींना चिकटल्या होत्या, म्हातारीचा चेहरा त्यात कुठेच उरला नव्हता. परतीच्या गाडीत भुसावळ आले. माणिक खिडकीबाहेर बघत म्हणाला, "लिंबं होते का रे ते?" पुन्हा त्याने हा विषय कधी काढला नाही, पण दीड वर्ष माझा उंबराही ओलांडला नाही. मी चार पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर आले नाही आणि ते मला योग्यच वाटले.

मग एका रविवारी तो दारात उभा राहिला, खांद्याला कॅमेरा. "चाल," म्हणाला. मधल्या काळात त्याने काय केले ते रानात गेल्यावर तिथल्या बायांनी सांगितले. सुटी मिळेल तेव्हा हा त्यांच्या रांगेत कापूस वेचायला येत होता. आईचे हात शिकत होता. बाया हसायच्या, "माणक्या, आता लुगडं नेस," म्हणायच्या. हा वेचतच राहायचा. बोंडांच्या टोकांनी बोटे फाटली की त्यांना चिंध्या बांधून टॉकीजची मशीन चालवायचा. आता त्याचे दोन्ही हात न अडखळता चालत होते. आईचे लुगडे अंगाभोवती घेऊन त्याने कॅमेरा माझ्यापुढे धरला.

"मले देऊन राहिला?" मी म्हणालो. "माह्याच हातून तर..."

"काय गेलं ते तुलेच मालूम आहे. दुसऱ्याले समजावत बसू काय? फक्त हात घेजो. तोंड नको. तोंड मायचं होतं."

तीन रविवार लागले. सिनेमा पुरा झाला. अकोल्याच्या टॉकीजमध्ये दुपारच्या खेळाआधी एकदाच दाखवला, तेव्हा लोकांनी "हिरोइन कुठी आहे?" म्हणून शिट्ट्या मारल्या. मुंबई-पुण्याच्या सिनेमावाल्यांकडे पाठवला, तिथूनही परत आला. त्याने पुढच्या हंगामात नवा सिनेमा काढायची तयारी सुरू केली. खोकल्यातून रक्त पडायला लागले, तरी दवाखान्याच्या खाटेवर तो मला त्या सिनेमाची गोष्ट सांगत होता. ती गोष्ट मी आता विसरलो आहे आणि याची मला लाज वाटते.

गेल्या महिन्यात त्याच्या आठवणीत घरी बुद्धवंदना झाल्यावर त्याच्या बायकोने, विमलवहिनींनी, तो सिनेमा लावायला सांगितले. आम्ही खिडक्यांना चादरी बांधल्या. चुन्याच्या भिंतीवर बोंडे आली, मग हात आले. वहिनी भिंतीच्या अगदी जवळ जाऊन बसल्या. रीळ संपत आले तेव्हा त्यांनी विचारले, "भाऊजी, यांचं तोंड कुठी दिसते काय?"

मी नाही म्हणालो. तीन रविवार तो माझ्यासमोर होता, घामाने भिजलेला, मधूनच हसणारा. कॅमेरा वीतभर वर उचलला असता तरी पुरे होते. त्याने हात घे म्हटले, मी हात घेतले.