प्रगतीच्या कपाटाची पाचर

आमचे हे, म्हणजे धोंडिबा, एक नंबरचे हट्टी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कुणाला नवल वाटायला नको. हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, आजोबा, पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. या माणसानं काय केलं? भीमजयंतीच्या दिवशी, भरल्या विहारात, पुस्तकांनी गच्च भरलेलं लाकडी कपाट पाठीवर तोलून धरलं. आणि मी, त्यांची बायको वेणू, समोर उभी. ओरडायचीही चोरी.

पण असं मधूनच सांगून कळायचं नाही. सुरुवातीपासून सांगते.

ह्यांनी उभा जन्म उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात काढला. सिंधी सेठचं दुकान. पलंग, शोकेस, ड्रेसिंग टेबल. आत भुशाची फळी, वरून चकचकीत मायका, आणि जिथं जोड बसत नाही तिथं फेविकॉल नि खिळे. सेठ माणूस चांगला, आमच्या अडीअडचणीला धावून यायचा. पण ह्यांनी कधी आतून नीट घासायला घेतलं की म्हणायचा, "अरे धोंडू, ग्राहक अंदर झुकके नहीं देखता." हे घरी येऊन भाकरी मोडता मोडता पुटपुटायचे, "गिऱ्हाईक नाही बघत, पण मला माहीत असतं ना आत काय आहे ते." एवढंच बोलायचे. पण ते त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं, मला दिसायचं.

ऑपरेशन झालं आणि दुकान सुटलं. मग काय, दिवसभर घरात. कढई इथं का टांगलीस, डाळीचा डबा तिथं का ठेवलास. माझ्या डोक्याची नुसती मंडई. शेवटी मी म्हटलं, "अहो, विहारात जाऊन बसा, पण माझ्या ओट्यापासून लांब राहा."

आमच्या बुवापाड्याच्या विहाराच्या मागच्या खोलीत पोरांची अभ्यासिका आहे. हे तिथं गेले आणि तोंड पाडून परत आले. जेवलेही नाहीत. लोकांनी दिलेली सगळी पुस्तकं सिमेंटच्या गोणीत भरून कोपऱ्यात ठेवली होती, आणि एका गोणीला वाळवी लागली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना गोळा केलं. म्हणाले, "कपाटं तुम्हीच करायची. मी दाखवीन, हात लावणार नाही."

लाकूड एमआयडीसीतल्या मशीनींच्या खोक्यांचं. करवत, रंधा, पटाशी ह्यांच्याच पेटीतली. आणि अट अशी की खिळा एकही नाही, फेविकॉलचा थेंब नाही. आडव्या फळीच्या टोकाला जीभ कोरायची, ती उभ्या फळीतल्या खाचेतून आरपार बाहेर काढायची, बाहेर आलेल्या जिभेला भोक पाडायचं आणि त्या भोकात लाकडाची पाचर ठोकायची. पाचर बसली की सगळं कपाट आवळून येतं. "आवाज ऐका," हे सांगायचे, "आधी बद्द वाजतं. मग आवाज भरतो. भरला की थांबायचं. त्यापुढं एक जरी जास्त मारलात, तर फाटलंच म्हणून समजा."

आणखी दोन नियम त्यांनी घातले होते. एक, प्रत्येक कारागिरानं पाचर जास्तीची करायची आणि ती स्वतःजवळ कोरड्या जागी जपायची. पोरं हसायची. त्यातल्या आकाशनं त्याची पाचर दाराखाली अडकवायला वापरली आणि हरवली. दुसरी, ज्यानं वस्तू केली त्यानं ती द्यायच्या आधी तिच्यावर स्वतः उभं राहायचं. सेठ प्रत्येक पलंगावर कारागिराला उभं करायचा. तेवढं एक मात्र तो बरोबर करायचा, असं हे म्हणायचे.

सुरुवातीला पोरांची जत्रा होती. फोड आले, कुसळं घुसली, तशी पांगली. आकाश नि दोघं-तिघं अधूनमधून यायची. रोज, शेवटपर्यंत टिकली ती आमच्या वस्तीतल्या विकासची पोरगी, प्रगती. बारावीची परीक्षा दिलेली, अंगानं काडी, पण रंधा मारायला लागली की बघत राहावं. ह्यांनी एकदा तिला तीच जीभ पुन्हा पुन्हा कोरायला लावली. मी चहा घेऊन गेले तर पोरगी डोळे पुसत होती. मी ह्यांना झापलं, "जीव घेता काय लेकराचा?" तर तीच म्हणाली, "आजी, तुम्ही मधे नका पडू. ती तिरकी झालीच होती." घ्या! मी चहा ठेवला आणि निघून आले.

मग एका संध्याकाळी विकास आमच्या दारात. कंपनीची शिफ्ट संपवून तसाच आलेला. "जय भीम काका. पोरीच्या डोक्यात काय भरवलंत? आयटीआयला सुतारकामाला जाते म्हणते. मी तिकडं कॉन्ट्रॅक्टरला शब्द देऊन आलोय, पॅकिंगला लावतो म्हणून. मुलगी रंधा मारत बसणार, तर पोट कुठून भरणार?"

हे काही बोलायच्या आत प्रगती मागून आली. धापा टाकत होती. "पप्पा, मला हेच शिकायचंय," म्हणाली. मग विकास म्हणाला, "ठीक आहे. जयंतीला सगळ्या वस्तीसमोर तुझं कपाट भरून उभं राहू दे. राहिलं, तर आयटीआय. नाही राहिलं, तर एक तारखेपासून कंपनी. परत विषय काढायचा नाही."

"चालेल," पोरगी म्हणाली.

विकासचं असं आहे, बोलला म्हणजे बोलला. मग चांगलं असो की वाईट, माणूस फिरत नाही.

जयंतीच्या आदल्या दिवशी कपाटं हॉलमध्ये आणून जोडली. आकाश आणि मंडळींचं बुटकं, खिडकीखाली. प्रगतीचं माणसापेक्षा उंच, फोटोच्या बाजूला, मंचाला लागून. ती खालच्या फळीवर चढून उभी राहिली, नाचली, उड्या मारल्या. हूं की चूं नाही. ह्यांनी एकेक पाचर बोटानं वाजवली आणि मान हलवली. त्यांची मान हलली म्हणजे दुसऱ्यानं मिठी मारल्यासारखंच. प्रगती लाजून लाल.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुस्तकं लावली. संध्याकाळी हॉल खचाखच. उकाडा असा की पंखे गरम हवाच फिरवत होते, त्यात मंडपवाल्याचे दोन हॅलोजन नेमके कपाटावर. बदलापूरहून पाहुणे आले ते उशिरा, आणि आल्यावर माईक सोडायला तयार नाहीत. वाचनाचं महत्त्व सांगत होते. कपाटासमोर सतरंजीवर चिल्लीपिल्ली बसलेली.

मला आवाजबिवाज काही आला नाही. मला ह्यांचं तोंड दिसलं. कपाटाशेजारच्या खुर्चीवर बसले होते, एकदम मान वर केली, कान दिला आणि उठले. फोटोचा हार नीट करायला निघाल्यासारखे हळूच कपाटापाशी गेले, वळले आणि पाठ लावून उभे राहिले. पाय रोवले. मला डोळ्यांनी खूण केली, पोरांकडं.

मी बघितलं. कपाटाच्या पायाशी पाचर पडली होती.

आणि सतरंजीवर लेकरं! मी वाकत वाकत गेले, "चला रे, मागं सरका, तिकडं लाडू वाटतायत." लाडूचं नाव काढल्यावर कोण थांबतंय? सतरंजी रिकामी झाली. मग मी ह्यांच्याजवळ गेले, दात-ओठ खाऊन म्हटलं, "सोडा ते. बाजूला व्हा. पडू दे पडलं तर."

"भाषण संपू दे. लोक उठले की गुपचूप उतरवू."

"अहो, पोटाचे टाके…"

"वेणू, विकास बघतोय. गप बस."

विकास तिसऱ्या रांगेत, हाताची घडी घालून. त्याला काहीच कळलं नव्हतं. आणि पाहुणे! एकदा म्हणाले "शेवटचं एकच सांगतो", आणि नवीनच विषय काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या मनात आलं की उठून त्यांचा माईकच ओढावा. ह्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. एक हात मागं फळीला, दुसरा हळूहळू पोटाकडं गेला आणि तिथं दाबून राहिला. फळी पुन्हा करकरली, या वेळी मलाही ऐकू आली. गुडघे वाकले त्यांचे. मी ठरवलं, मरू दे ती आयटीआय, मी ओरडणार.

तेवढ्यात प्रगती पाण्याचा ट्रे घेऊन पुढं आली. तिनं आजोबांकडं बघितलं. मग खाली, पाचरीकडं. मग वर, जिथं पाचर असायला हवी होती तिथं. ह्यांनी मान हलवली, नाही, नको. पोरीनं ट्रे खाली ठेवला. वळून बापाकडं बघितलं. किती वेळ बघितलं कुणास ठाऊक, मला तर वाटलं आता ही पण गप्प बसणार. आणि सरळ माईककडं गेली.

"साहेब, माफ करा." पाहुण्यांचं तोंड उघडंच राहिलं. "माझ्या कपाटाची पाचर सुटलीये. आजोबांनी ते पाठीवर धरलंय, त्यांचं ऑपरेशन झालंय. पुस्तकं उतरवायला सगळ्यांनी हात द्या. लवकर."

आकाश आणि दोघं-तिघं धावले, कपाटाला खांदा दिला. बायका-पुरुष उठले, हातोहात पुस्तकं खाली आली. मी ह्यांना ओढून खुर्चीत बसवलं, शर्ट वर करून पोट बघितलं. सगळं जागेवर होतं. मग मात्र मी त्यांना जे सुनावलं ते इथं सांगण्यासारखं नाही. रडतही होते आणि शिव्याही देत होते.

ह्यांचं लक्ष कुठं माझ्याकडं! उठून कपाटापाशी गेले, त्या जिभेवरून अंगठा फिरवला. लाकडावर काळपट ओघळ होता.

"ह्याला पाणी कुणी घातलं?"

आणि मग हेच सांगायला लागले, "ओलं झालं की लाकूड फुगतं, स्वतःलाच चेंगरून घेतं. वाळलं की पहिल्यापेक्षाही ढिलं पडतं. पोरीचा जोड चुकलेला नाही. कपाट कुणीतरी भिजवलंय."

हॉलची साफसफाई केलेल्या कुमुदिनीताई लगेच म्हणाल्या, "आम्ही लादी पुसली फक्त. कपाटाला हात नाही लावला हो."

"मी धुतलं."

विकास उभा राहिला होता. हाताची घडी सुटली होती. "काल तुम्ही सगळे गेल्यावर आलो. बादली घेऊन. वरपासून खालपर्यंत धुतलं, जोडांमधे पाणी मारून भुसा काढला. म्हटलं, माझ्या पोरीनं केलंय, उद्या वस्ती बघणार, धुळीचा कण नको. मला काय माहीत."

खरं सांगते, ज्यानं कुणी हे केलं असेल त्याच्यासाठी माझ्या तोंडात आणखी बऱ्याच शिव्या तयार होत्या. एकही बाहेर आली नाही.

प्रगती बापाकडं बघत राहिली. मग पिशवीतून कंपासपेटी काढली, पेन-पेन्सिलीतून कोरडी खडखडीत पाचर उचलली. ह्यांनी लाकडी ठोकणी, मोगरी, पुढं केली, पण स्वतः मागं सरले. तिनं पाचर भोकात धरली आणि मारायला लागली. बद्द. बद्द. बद्द. आणि मग आवाज भरला. ती थांबली. बाकीच्याही सगळ्या पाचरी तिनं एकेक करून आवळल्या.

आता उभं राहून दाखवायचं होतं. तिनं पाय उचलला तसा विकास पुढं आला. "तू नको. मी."

"पप्पा, तुमचं वजन…"

"म्हणूनच."

विकास म्हणजे अंगानं आडवा माणूस. पोरीच्या खांद्यावर हात ठेवून खालच्या फळीवर चढला. फळी एकदा करकरली. माझा हात नकळत ह्यांच्या दंडावर गेला. विकासनं दुसरा पाय वर घेतला, खांद्यावरचा हात काढला. कपाट हललं नाही.

"उतरा पप्पा," प्रगती हळूच म्हणाली, "सगळे बघतायत."

"बघू दे. सगळ्यांसमोरच ठरलं होतं ना? उभं राहिलं तर आयटीआय. मग राहिलंय की. मी आहे ना वर." डोळे वाहत होते, पुसायचंही सुचत नव्हतं त्याला. "कॉन्ट्रॅक्टरला मी उद्या सांगतो, पोरगी येणार नाही म्हणून."

एवढं बोलून झालं तरी तो उतरेना. तसाच उभा. शेवटी आमचे हेच म्हणाले, "उतर रे बाबा आता, पुस्तकं लावायचीत."