बोंडूखालची बी

आधी शेजारच्या काकींबद्दल लिहिते, मग काय झालं ते. काजू फोडून ओले गर विकणाऱ्या या काकी नसत्या, तर मी त्या दिवशी पिशवी भरून घरचा रस्ता धरला असता. टीचरबाईंच्या पोपटाचं काय झालं असतं, ते तर मनात आणवत नाही.

मी नववीत शाळा सोडली. यवतमाळकडून इतक्या लांब, मालवणजवळच्या या घरात कामाला येऊन मला दोन वर्षं झाली. घर एका निवृत्त ख्रिश्चन शिक्षिकेचं. अख्खी वाडी त्यांना टीचरबाय म्हणते. दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. स्वयंपाक, झाडलोट आणि पोपट, ही माझी कामं.

पोपट आपल्याकडचा हिरवा नव्हे. हा आफ्रिकेतला, राखाडी अंगाचा, लालभडक शेपटीचा. तिकडच्या दाट जंगलात हे थव्याने राहतात, ताडाची फळं खातात. माणसाजवळ नीट सांभाळला तर चाळीस-पन्नास वर्षं जगतो, असं टीचरबाय म्हणाल्या. एवढं आयुष्य माझ्या हातात! पिसांतून पिठासारखी भुकटी झडते, म्हणून रोज दोनदा लादी पुसायची. उन्हं वर आली की अंगावर पाण्याचा फवारा मारायचा. मीठ, चहा, चॉकलेट अजिबात नाही. मिरची मात्र तो आरामात चघळतो, पक्ष्यांना तिखट लागतच नाही म्हणे. आणि त्याला एकटं ठेवायचं नाही, कंटाळला की स्वतःचीच पिसं उपटतो. म्हणून मी दिवसभर त्याच्याशी माझ्या बोलीत बडबडायची. ती बोली ऐकणारं इथं दुसरं होतं कोण?

मी आल्यावरच्या पहिल्याच एप्रिलात टीचरबाय चार दिवस गोव्याला लेकीकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, "बोंडू पडूक लागले की एक दी तेका. आवडता."

आमच्याकडे बोंड म्हणजे कापसाचं. हा कापूस खातो की काय, असं मनात आलं. पण मास्तरीणबाईंना विचारायला जीभ रेटली नाही. आपलं अडाणीपण कशाला उघडं करा?

दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून काकींनीच हाक मारली, "गो चेडवा, बोंडू पडलेत बघ, उचल!" झाडाखाली लाल, रसरशीत फळं पडली होती. अस्सं, हा बोंडू तर! प्रत्येकाखाली करड्या-हिरव्या रंगाचं वाकडं काहीतरी लटकलेलं. मला वाटलं देठ. काजू मी पाहिलेला तो पांढरा, लग्नातल्या शिऱ्यातला. मी फळ तीनदा धुतलं आणि अख्खं पिंजऱ्यात ठेवलं.

या पोपटाच्या पायाला दोन बोटं पुढे, दोन मागे. त्यामुळे तो खाऊ आपल्या हातासारखा मुठीत धरतो. त्याने फळ सोडलं, 'देठ'च मुठीत धरला आणि चोचीने कडकन फोडला. दुसऱ्या क्षणी तो टाकून दिला, मान झाडली, चोच दांडीवर घासू लागला. मग पाय वर घेऊन गप्प बसला. दिवसभर तोंड न मिटणारा पक्षी, आणि गप्प!

माझी किंकाळी ऐकून काकी गडगा ओलांडूनच आल्या. "काय दिलंस तेका?"

मी फुटका तुकडा दाखवला.

"अगो बाय माझे! बोंडू देवचो, बी नाय! बियेच्या सालीत तेल असता, भाजता ता. माझे हात बघ." त्यांची बोटं काळी पडून सोलवटलेली होती. रोज पाहत होते, पण कशानं झाली ते कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी पोपटाला पंच्यात गुंडाळलं. कोरड्या फडक्याने चोच टिपली, मग खोबरेलाचं बोट लावलेल्या कपड्याने चोच आणि पाय पुसला. "पिसांक तेल लागूक देव नको. आता टीचरबायक फोन लाव."

"आधी डॉक्टरकडे जाऊ. त्यांना उद्या सांगते ना."

"उद्या तुका धीर होवचो नाय. लाव."

मी लावला. नुसतंच "टीचरबाय, टीचरबाय" म्हणत राहिले. काकींनी फोन ओढून घेतला नाही, नुसता माझा दंड धरून उभ्या राहिल्या. मी सगळं सांगितलं. टीचरबाय म्हणाल्या, "बी काढून दी, ह्या मी सांगूक व्हया होता. कणकवलीच्या डॉक्टरकडे ने तेका. आणि तू जेवलंस काय?"

एसटीत मांडीवर टॉवेल झाकलेला पिंजरा. कंडक्टरने डोकावून पाहिलं. "ह्येचा हाफ काढूचा की फुल?"

"बोलता तेवढा तिकीट काढ," काकी म्हणाल्या. "आज मुको आसा, फुकट ने."

डॉक्टरांनी त्याचं तोंड धुतलं, जिभेचं टोक आणि एक बोट तेवढं लाल झालंय म्हणाले. सुईशिवायच्या सिरिंजने औषध द्यायचं, मऊ भात आणि पपई. पण तो खातो की नाही, यावर सगळं होतं. दुसरा अख्खा दिवस तो भाताकडे पाठ करून बसला. मी पिशवी भरून दारामागे ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर काकी आणि मी बी निवडत होतो. आतून माझाच आवाज आला, रडवेला, थेट वऱ्हाडी: "अवं माय वं! अवं माय वं!"

आत पाहिलं, तर स्वारी मुठीत पपई धरून खात होती. काकी हसून हसून ओट्यावर आडव्या झाल्या. टीचरबाय परतल्या, तर त्यांचं स्वागतही त्याने तसंच केलं. मी पिशवी रिकामी केली.

काकींना विदर्भ म्हणजे कुठे ते माहीत नाही. "थंय दर्या नाय? मगे तुम्ही करतास तरी काय?" असं विचारतात. एखाद्या वर्षी काजूचा हंगाम संपला की त्यांना आमच्या गावी नेईन. आठ दिवस त्यांच्या हाताला कसलंच काम लागू देणार नाही. आई वाढेल, ताट मी उचलेन. अजून त्यांना बोलले नाही, पण इथे लिहून ठेवते, म्हणजे मला माघार घेता येणार नाही.